शिकारीचा फॉर्म मीच भरला

वीस पौंडांची बासमतीची पिशवी सॅकमध्ये भरून माझा नवरा पार्किंग गॅरेजचे जिने चढायचा. दर शनिवारी, रविवारी, सकाळी सातला, स्वतःच्याच ऑफिसच्या कॅम्पसवर. टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोत डोंगर नाही. डोंगर सोडा, सायकलला ब्रेक लावावा लागेल एवढा उतारही नाही. उंच म्हणाल तर हायवेचे पूल आणि ही सहा मजली गॅरेजेस. मी खाली गाडीत चहाचा थर्मास घेऊन बसायची आणि त्याच्या फेऱ्या मोजायची. त्या सकाळी आठवल्या की मला आधी त्याचा राग येतो, मग स्वतःचा, आणि मग त्या तांदळाचाही, कारण तो नंतर आम्हालाच खावा लागला.

शिकारीची टूम लेकीची. ती अठ्ठावीस वर्षांची, डेन्व्हरला राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. इथंच जन्मली, इथंच वाढली. चार वर्षांपूर्वी तिनं ठरवलं की मांस खायचं तर ते कुठून येतं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि ती शिकार शिकली. कोर्स, लायसन्स, नेमबाजीचा सराव, सगळं रीतसर. यंदाच्या ऑक्टोबरसाठी तिनं कोलोरॅडोच्या डोंगरात गाईडबरोबर पाच दिवसांची एल्कची शिकार बुक केली. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ, जवळजवळ घोड्याएवढा. मुक्कामाच्या तळापर्यंत घोड्यावरून जायचं, तंबूत राहायचं, तेही दहा हजार फुटांवर. जूनमधल्या एका रविवारी ती फोनवर म्हणाली, "बाबा, दोन जागा आहेत. यू वॉन्ट टु कम?"

इथंच सांगून टाकते, मला त्या जनावराबद्दल काही म्हणायचं नाही. मी नागपूरची, सावजी रश्शावर वाढलेली. एल्क मेला म्हणून मी डोळे पुसत बसणार नाही. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

नवरा पुण्याचा. तिशीपर्यंत अंड्याला शिवला नव्हता. झुरळ दिसलं तर मला हाक मारतो. पण लेकीनं विचारलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी चिडवायचं विसरले. सोळाव्या वर्षापासून तिनं बाबाला स्वतःहून काही विचारलंच नव्हतं. तिची शाळेची नाटकं चालू असताना हा ऑफिसच्या कॉलवर असायचा. तिच्या पदवीदानालाही हा अर्धा वेळ बाहेर कॉरिडॉरमध्ये फोन कानाला लावून उभा होता. मुलीशी बोलायचं कसं ते त्याला कळलं नाही आणि मुलीनं थांबून वाट पाहिली नाही. आता ती हात पुढं करत होती. छप्पन्न वर्षांचा माणूस एका दमात म्हणाला, "येतो."

मग तयारी. गाईडकडून चार पानांची यादी आली. नवे बूट पायात मुरवायचे होते, म्हणून हा घरात बूट घालून फिरायला लागला. पोहे करताना बूट, आंघोळीनंतर बूट, कार्पेटवर बूट. मी एकदा म्हटलं, देवघरात तरी काढ, तर म्हणाला, "गाईडनं दिवसाला चार तास सांगितलेत." शिकारीच्या सुरक्षिततेचा ऑनलाइन कोर्स त्यानं केला. त्यात दोन प्रश्न चुकले, तर ते प्रश्नच कसे चुकीचे होते यावर मला आठवडाभर ऐकवलं. पुण्याचा आहे, चूक त्याची नसतेच. दर गुरुवारी संध्याकाळी चाळीस मिनिटं गाडी चालवून तो रायफल रेंजवर जायचा. खांदा निळा करून यायचा आणि मला दाखवायचा. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि मगच चाप ओढायचा, हे त्यानं मला डायनिंग टेबलावर लाटणं धरून शिकवलं. मी हसले होते. हे मी कबूल केलं पाहिजे, कारण पुढचं सगळं माझ्या त्या हसण्यातून सुरू झालं. घरात कित्येक वर्षांत एवढी मजा नव्हती.

महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना आम्ही सांगितलं, हाइकिंगला चाललाय. बंदूक म्हटलं असतं तर दहा जणांनी दहा प्रवचनं दिली असती. गणपतीत एका मावशींनी विचारलं, "हे जिने कशाला चढतात गं एवढे? माझ्या मुलानं पाहिलं गॅरेजमध्ये." मी मोदकाचं ताट पुढं करत म्हटलं, "गुडघ्यांसाठी हो, मावशी." किती सहज म्हटलं! पण तोवर मला त्याहून मोठं खोटं पचलेलं होतं.

कारण ऑगस्टमध्ये, एका शनिवारी, तो खाली आलाच नाही. सहाव्या फेरीला गेला आणि पाच मिनिटं झाली, आठ झाली. मी थर्मास सीटवर टाकून जिने चढले. चौथ्या मजल्यावर तो पायरीवर बसला होता. पाठीला तांदूळ, एक हात छातीवर, कपाळ ओलं. मला बघून म्हणाला, "काही नाही, ॲसिडिटी आहे." पोहे मी केले होते, म्हणजे तीही माझीच चूक. मी सॅकचे पट्टे सोडले. पिशवी खाली पडून फुटली आणि तांदूळ दोन पायऱ्यांवर पसरला. तर हा माणूस, छातीवर हात असलेला माणूस, तांदूळ गोळा करायला लागला.

मी त्याला फरफटत डॉक्टरकडे नेलं. ट्रेडमिलवर पळवून टेस्ट केली. कार्डिऑलॉजिस्ट बाई लेकीच्याच वयाच्या वाटत होत्या, पण बोलल्या स्पष्ट. हृदयाला रक्त कमी पडतंय, अँजिओग्राफी याच आठवड्यात करा, आणि ती होईपर्यंत डोंगरावर पाऊल ठेवायचं नाही. नवऱ्यानं विचारलं, "नोव्हेंबरमध्ये केली तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बाहेर काउंटरवर मी पार्किंगची चिठ्ठी शोधत होते, तेवढ्यात त्यानं नोव्हेंबरची तारीख घेतली.

गाडीत मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं तारखेची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "तिला सांगू नकोस. सांगितलंस तर ती माझी जागा कॅन्सल करेल आणि पुन्हा कधी विचारणार नाही." हे मला कळत होतं. पण पुढचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. "उगाच काळजी कशाला द्यायची पोरीला?"

हे वाक्य माझ्या घरात बोलायचं नाही. का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझे बाबा नागपूरला आजारी पडले. भावाचा फोन नवऱ्याला आला. नवऱ्यानं मला सांगितलं, सीरियस आहेत, निघूया. लेक तेव्हा कॉलेजात होती. तिला सांगितलं, आजोबांना बरं नाही, तू परीक्षेकडे लक्ष दे. आम्ही निघालो. डॅलस ते दोहा, दोहा ते मुंबई, मुंबई ते नागपूर. सगळा वेळ तो माझ्या शेजारी बसून म्हणत होता, होतील बरे. दोह्याला मी बाबांसाठी बिनसाखरेची चॉकलेटं घेतली. दोन डबे घेतले, कारण एक ते एका दिवसात संपवतील म्हणून. त्यानं ती पिशवी धरली. मी म्हटलं, बदामाची घेऊ का? तो म्हणाला, घे. नागपूरला बाहेर आलो तर समोर भाऊ उभा, डोकं तुळतुळीत. आम्ही प्लेनोहून निघायच्या आधीच बाबा गेले होते. नवऱ्याला माहीत होतं. चोवीस तास तो माझ्या शेजारी बसून होता आणि त्याला माहीत होतं. का, तर प्रवासात मला त्रास नको. मी रडले असते ना विमानात! चार लोकांनी पाहिलं असतं! माझा बाप गेला होता आणि मी बदामाची का साधी असा विचार करत होते.

चार महिने मी त्याच्याशी जेवायला वाढलंय यापलीकडे बोलले नाही. त्यानं माफी मागितली, पण त्यानं काय केलं हे त्याला कधी कळलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे सगळे असंच करतात, हे त्याचं म्हणणं. खरंच आहे. आपल्याकडे सगळे असंच करतात. आजारपण लपवायचं, मरण लपवायचं, मुलांची परीक्षा होऊ दे, जेवण होऊ दे, झोप होऊ दे, मग सांगू. आणि ह्याला म्हणायचं माया. मला ह्या मायेची चीड आहे.

आणि तरी फॉर्म मीच भरला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला गाईडकडून ईमेलनं तो आला. आमच्या घरात फॉर्म मी भरते. व्हिसाचे, ग्रीन कार्डचे, शाळेचे, विम्याचे, सगळे. नवऱ्याला चौकोन दिसले की जांभई येते. मी लॅपटॉप घेऊन किचनच्या काउंटरवर बसले. वजन किती, घोड्यासाठी. बुटाचा नंबर. उजव्या हातानं बंदूक धरता की डाव्या. न थांबता किती जिने चढता. मग आरोग्याचं पान. हृदयविकार आहे का? छातीत दुखतं का? वर्षभरात हृदयाची तपासणी झाली आहे का? डॉक्टरांनी कशाला मनाई केली आहे का?

नाही. नाही. नाही. नाही.

मी विचार केला आणि मग खोटं लिहिलं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. मी विचारच केला नाही. तीस वर्षं आम्ही या देशात फॉर्म भरले. तुम्ही कधी अतिरेक्यांना मदत केली आहे का? नाही. सरकार उलथून टाकायचा बेत केला होता का? नाही. तुम्ही सवयीचे दारुडे आहात का? नाही. पानंच्या पानं, आणि प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर एकच. चुकून एक 'हो' पडला तर पुन्हा वकील, पुन्हा रांग, पुन्हा दोन वर्षं नागपूरला जाता येणार नाही, ही धास्ती. आमच्या ओळखीत कोणालाही विचारा, हात आपोआप 'नाही'वर जातो. चौथ्या चौकोनाशी मी थांबले. नवरा मागे उभा होता, बूट घालून. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तोही चौकोन भरला. सही म्हणून त्यानं स्वतःचं नाव टाइप केलं, तेवढं मात्र त्यानं केलं.

त्यानंतर तो पुन्हा गॅरेजमध्ये जाऊ लागला. आता पाठीला दहा पौंड, आणि तिसऱ्या मजल्यावर थांबायचं असा आमचा करार झाला. करार! हृदयाशी करार करायला निघालो होतो आम्ही दोघं शहाणे. मी थर्मास धरून बसायची आणि फेऱ्यांऐवजी मिनिटं मोजायची. दर वेळी तो जिन्याच्या दारातून बाहेर आला की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटायची.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी, गाईडचा फोन आला. निघण्यापूर्वी तो प्रत्येकाशी बोलतो म्हणे. आवाज वयस्कर, बोलणं संथ. नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकून वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवला. बुटांची चौकशी झाली, रेंजवर किती लांबून नेम लागतो ते झालं. मग गाईड म्हणाला, "तुमच्या मिसेस आहेत का तिथं? त्यांना एक विचारायचंय. पुरुष मला कधी खरं सांगत नाहीत."

नवरा हसला. मी म्हटलं, बोला.

तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं. तळापासून गाडीरस्त्यापर्यंत घोड्यावरून पाच तास. ढग उतरले तर हेलिकॉप्टर येत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये ते उतरतात. "मी बऱ्याचदा घोड्यांबरोबर पुढं असतो," तो म्हणाला. "काही झालं तर तुमच्या मिस्टरांजवळ तुमची मुलगी असेल. एकटी. मी पोहोचेपर्यंत तीच असेल. म्हणून विचारतो मॅम, या कागदावर नाही असं काही आहे का?"

नवऱ्यानं माझ्यासमोर हात जोडले. खरोखर जोडले, भाताचा हात तसाच.

"नाही," मी म्हटलं. "ही इज फाइन."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "थँक्स." मी उठले आणि माझं भरलेलं ताट तसंच सिंकमध्ये उपडं केलं. त्या बाईचा, म्हणजे माझाच, मला इतका तिटकारा आला की आरशात बघवेना. दोह्याला माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. आता त्याच्या खुर्चीत मी बसले होते, आणि लेकीला म्हणत होते, घे, बदामाची घे.

तरी मी दोन दिवस काढले. स्वतःला सांगत राहिले की तो सांगेल, तोच सांगेल, त्यालाच सांगू दे. तो काय सांगणार! तो गॅरेजमध्ये जाऊन आला, रायफलची पेटी पुसली, शिकारीचं नारिंगी जॅकेट घालून बघितलं आणि लेकीला फोटो पाठवला.

मंगळवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या खोलीत जमिनीवर सगळं सामान मांडलं होतं. झोपायच्या पिशव्या दोन, टॉर्च दोन, पाण्याच्या बाटल्या दोन. ती एकेक उचलून दाखवत होती. "बाबांसाठी मोज्यांचे एक्स्ट्रा जोड घेतलेत. आणि पहिला शॉट बाबांचा, मी गाईडला सांगून ठेवलंय." मग कॅमेरा जवळ घेऊन हळूच म्हणाली, "आई, तुला खरं सांगू? मी थोडी वरीड होते. बाबा किती वर्षं नुसते डेस्कवर बसलेत. पण गाईड म्हणाला, युअर मॉम सेड ही इज फाइन. मग मी रिलॅक्स झाले. बाबांनी सांगितलं असतं ना, तर मी बिलीव्ह केलं नसतं."

माझ्या हातात कोथिंबीर निवडायला घेतलेली होती. ती मी खाली ठेवली.

"थांब," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."

आणि सगळं सांगितलं. गॅरेज, ट्रेडमिल, नोव्हेंबरची तारीख, चार चौकोन. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "सिन्स व्हेन?"

"ऑगस्टपासून."

"अँड यू फिल्ड इट आउट? तू?"

"हो."

"आई, तू?" तिचा आवाज चिरकला. "बाबांनी केलं असतं तर आय वुड अंडरस्टँड. पण तू? आजोबांच्या वेळेला तुझ्याशी काय केलं ते तू मला किती वेळा सांगितलंयस! मी तुझ्याबरोबर रडलेय!" मग इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, ती म्हणाली की त्या डोंगरावर माझ्या हातात बाबा मेले असते आणि मला वाटलं असतं की माझ्या चालण्याच्या वेगामुळे मेले. मीच त्यांना बोलावलं म्हणून मेले. जन्मभर वाटलं असतं. आणि तू मला ते वाटू दिलं असतंस.

फोन बंद झाला.

मी बाहेर आले तर नवरा हॉलमध्ये उभा होता. त्यानं ऐकलं होतं. मला वाटलं तो खाली बसेल, निदान गप्प राहील. तर तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडला. "तू मला तिच्यासमोर म्हातारा केलंस! एक गोष्ट मागितली होती तुला. एक!"

"आणि मी एक काय मागितलं होतं?" मीही ओरडले. "माझा बाप गेला हे मला सांग, एवढंच! तू मला चॉकलेटं घेऊ दिलीस!"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? तेव्हा मी मूर्ख ठरले, आता ती ठरणार होती. एवढंच वेगळं!"

त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि एकेक करून घरच्या गॅरेजच्या दाराकडे भिरकावले. मग सोफ्यावर बसला. मी त्याच्या शेजारी बसले नाही. कोथिंबीर निवडायला गेले. त्याची दया येत होती, नाही असं नाही, पण रागच एवढा होता की दयेला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः डॉक्टरकडे फोन करून पहिली मिळेल ती तारीख घेतली. मग गाईडला फोन केला आणि त्यालाही खरं सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी तुम्ही फार लवकर उत्तर दिलंत, मॅम." एवढंच. त्या परक्या माणसाच्या त्या एका वाक्यानं माझी जेवढी लाज काढली तेवढी कोणाच्या शिव्यांनी निघाली नसती.

लेक हॉस्पिटलमध्ये थेट आली, एअरपोर्टवरून. आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. डॉक्टरांशी मात्र सगळं स्वतः बोलली, आम्हाला खोलीबाहेर ठेवून. दोन स्टेंट घातले. एक नळी जवळजवळ बंद होती. डॉक्टरांनी तिला स्क्रीनवर ते दाखवलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नवऱ्यानं पलंगावरून तिला हाक मारली. ती म्हणाली, "नॉट नाउ, बाबा."

तीन दिवस ती आमच्याकडे राहिली. बाबाच्या गोळ्यांचा डबा भरला, फ्रीजमधलं लोणचं आणि पापड कचऱ्यात टाकले, त्याला रोज अंगणात धरून चालवलं, अगदी हळू, पेशंटला चालवतात तसं. तो तिच्याकडे बघत राहायचा. तिनं त्याचा हात धरला होता, पण त्याला पाहिजे होतं ते हे नव्हतं. मला त्या दोघांकडे किचनच्या खिडकीतून बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं.

शिकार तिनं रद्द केली नाही. एकटी जाणार म्हणाली, गाईडबरोबर. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "तू काही बोलू नकोस."

चौथ्या दिवशी दुपारी ती निघाली. टॅक्सी दाराशी आली होती. तिनं सॅकमधून एक कागद काढला आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवला. "मी माझा फॉर्म पुन्हा भरलाय. एक गोष्ट चेंज केली. तुला फॉर्म्स वाचता येतात ना? हा वाच." बाबाच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला, माझ्याकडे न बघता गेली.

नवरा टेबलाशी जेवत होता. बिनमिठाची दुधी भोपळ्याची भाजी आणि तोच तांदूळ, गॅरेजच्या पायऱ्यांवरून गोळा करून आणलेला, तीनदा धुऊनही मधेच कचकचणारा. मी उभ्यानंच कागद वाचला. वजन, बुटाचा नंबर, उजवा हात. आजार नाहीत. तिचं 'नाही' खरं होतं. मग इमर्जन्सी काँटॅक्ट. मला वाटलं माझं नाव काढलं असणार. माझंच होतं. त्याखाली 'इतर सूचना' म्हणून रिकामी जागा असते, जिथं लोक शेंगदाण्याची ॲलर्जी वगैरे लिहितात. ती तिनं काठोकाठ भरली होती.

मी दोनदा वाचलं. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. या माणसाबरोबर मी तीस वर्षं राहिले, चार महिने अबोला धरला, आणि जे त्याच्या डोक्यात शिरलं नाही ते या पोरीनं एका फॉर्मच्या रिकाम्या जागेत, एका अनोळखी गाईडसाठी, लिहून ठेवलं होतं. माझ्यासारखीच तीही त्या विमानात बसली होती, सगळी वर्षं, आणि मीच तिला पुन्हा तिथं बसवायला निघाले होते.

मी कागद नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"वाच," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच."

त्यानं चष्मा लावला. इंग्रजीतलं तो अडखळत, मराठी करत वाचायला लागला. "मला काही झालं तर फोन आईलाच करा. बाबांना करू नका. ती गाडीत असली तरी सांगा. एकटी असली तरी सांगा. जे झालं असेल ते तसंच सांगा. विमानात..."

तो थांबला. चष्मा काढायला हात वर गेला.

"पुढे," मी म्हटलं.

"विमानात बसायच्या आधी सांगा."